बाबांचा पखवाज रेकॉर्ड करायचाय

ती. आई आणि ती. बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "ठोका मशीनच वाजवतं, मग तू काय करतेस?" गाडीच्या गोंगाटात धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. शिवाय तुम्हा दोघांकडून मला एक काम करून घ्यायचंय.

आधी मशीनचं सांगते. बीट, म्हणजे गाण्याखालचा ठोक्यांचा ठेका, बनवायला बसलं की कॉम्प्युटरवर सोळा घरांच्या ओळी दिसतात. ज्या घरात खूण करावी तिथे आवाज वाजतो. एक ओळ खालच्या जड ठोक्याची, त्याला किक म्हणतात. एक स्नेअरची, तिचा आवाज कडक आणि कोरडा. एक हाय-हॅटची, ती बारीक चकचक करत मधल्या जागा भरते. सोळा घरं संपली की परत पहिल्यापासून. तुमच्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रा यात नेमक्या बसतात, एका मात्रेला दोन घरं, आणि आवर्तन पुरं झालं की सम. लहानपणापासून तुमच्या शेजारी बसून टाळ धरलाय, त्यामुळे हे मला शिकवावं लागलं नाही.

मशीन स्वतःहून काहीच वाजवत नाही. कुठला आवाज घ्यायचा, किती जोरात, कुठलं घर रिकामं सोडायचं, हे सगळं मी ठरवते. रिकामं सोडणं सगळ्यात अवघड जातं. हात सारखा शिवशिवतो की इथे अजून एक ठोका टाकू, आणि टाकला की गाण्याचा श्वास कोंडतो.

आता मुद्द्याचं. मिनिटाला 90 ठोक्यांचा वेग धरला आणि एका ठोक्याची चार घरं केली, तर एक घर साधारण 0.17 सेकंदाचं होतं. मशीन प्रत्येक ठोका बरोबर घराच्या रेघेवर ठेवतं. माणूस वाजवतो तेव्हा थोडं अलीकडे-पलीकडे होतं. ते ओढून रेघेवर आणायची सोय असते, तिला क्वांटाइज म्हणतात. डेट्रॉइटमध्ये जे डिला नावाचा एक बीट बनवणारा होता, 2006 मध्ये वारला. तो बऱ्याचदा ही सोय बंद ठेवून बोटांनी वाजवायचा, आणि त्याचे ठोके थोडे डुलत पडायचे. त्याचं ते एमपीसी नावाचं बीट बनवायचं मशीन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलंय. त्या डुलण्यावर आजही लोक अभ्यास करतात.

हे सगळं वाचल्यावर मी तुमचं एकादशीच्या भजनाचं मोबाईलवरचं रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेतलं आणि ठोका न् ठोका रेघांशी ताडून पाहिला. बाबा, चौथ्या मात्रेला तुम्ही किंचित मागे बसता. फक्त तिथेच, आणि जवळजवळ दर आवर्तनात. गाणाऱ्याला तिथे दम घ्यायला जागा मिळते. तुम्ही हे ठरवून करता का, की हाताला सवयच पडलीय? ते रेघेवर ओढून ऐकलं तर ठेक्यातला जीवच गेला. परत सोडलं, तर मंडळी डोलायला लागतील असं वाटलं. मला माझ्या बीटखाली हाच हात हवा आहे. कंपन्यांनी आधीच भरून दिलेले पखवाजाचे तुकडे मिळतात, स्वच्छही असतात, पण सगळे एकसारखे.

पण मोबाईलचं ते रेकॉर्डिंग कामाचं नाही. टाळ एवढे पुढे आहेत की पखवाज त्यांच्यामागे बुडून गेलाय. म्हणून नीट करायचंय.

तुम्हाला पैशांची काळजी वाटते, म्हणून सांगते. माईक, इंटरफेस, हेडफोन आणि केबल मिळून वीस हजारांच्या आसपास खर्च झाला, तोही पगारातून साठवलेला. इंटरफेस म्हणजे छोटी डबी. माईकमधला आवाज आकड्यांत करून ती कॉम्प्युटरला देते, सेकंदाला 48,000 वेळा मोजून. माझा माईक कंडेन्सर जातीचा आहे, त्याला चालायला 48 व्होल्ट लागतात, तेही याच डबीतून केबलवाटे जातात. रेकॉर्डिंगला मी रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरते. ते 60 दिवस फुकट वापरून बघता येतं, नंतर 60 डॉलरचा परवाना घ्यायचा. यापुढे मोठी खरेदी काही नाही. नवीन शिकणारे महागडा माईक घेतात आणि उघड्याबोडक्या खोलीत गातात, मग आवाज आंघोळीच्या खोलीतून आल्यासारखा येतो. भिंतीवरून परतलेला आवाज एकदा माईकमध्ये गेला की नंतर धड काढता येत नाही. खोली आधी, माईक नंतर, हे मी कोणालाही सांगेन.

आणि खोली आपल्याकडे आहे! माजघरात कपड्यांची दोन कपाटं आहेत, जमीन शेणाची, खिडकी एकच. आईच्या जाड गोधड्या दोरीवर टाकल्या की झालं. पुण्यात माझ्या खोलीबाहेर रिक्षांचा आवाज थांबत नाही, तुमच्याकडे दुपारी एखादी कोंबडी ओरडली तर ओरडली.

मी पाठवलेल्या गाण्यात "ठोका ऐकूच येत नाही" म्हणालात, ते मोबाईलमुळे. किकचा खरा जोर 50-60 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे फार खालच्या आवाजात, असतो आणि मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरला तो वाजवताच येत नाही. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावल्यावर जो घुमारा येतो, तोही याच कारणाने मोबाईलवर हरवतो. दादाचे इयरफोन लावून एकदा ऐका, मग सांगा.

असल्या मशीनांवर आपल्याकडे काम फार आधी झालंय, बरं का. सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग यांनी 1982 साली मुंबईत रोलँड कंपनीच्या रिदम मशीनवर आणि सिंथेसायझरवर राग वाजवून तबकडी काढली होती. तेव्हा फार कोणी विचारलं नाही. पुढे 2010 मध्ये ती पुन्हा निघाली, तेव्हा जगभरातले लोक ती ऐकायला लागले.

आई, आता तुझं. तुझ्या ओव्यांखाली मी बीट लावणार नाही. मैत्रिणी म्हणतात लाव, छान होईल. मला नाही पटत. ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते, शेवटचा शब्द तू हवा तेवढा लांबवतेस, त्याला मिनिटाला अमुक ठोक्यांत कोंबायचं कशाला? हेमा राईरकर आणि गी पॉयतवाँ यांनी गावोगावी बायकांच्या मिळून लाखाच्या वर ओव्या गोळा केल्या, त्यांतल्या बऱ्याच आता परी या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. त्यात आजीच्या तोंडच्या, माहेरच्या वाटेच्या ओव्या मला अजून सापडल्या नाहीत. त्या फक्त तुला येतात. जातं फिरतं ठेवून, त्याच्या घरघरीसकट तुझा आवाज घ्यायचाय. पेटी धरायची नाही, तू सहज जिथे लावशील तोच सूर. माईक हातभर लांब आणि थोडा तिरका ठेवीन, म्हणजे "पंढरी" म्हणताना तोंडची हवा त्यावर आदळणार नाही. लाजू नकोस, खोलीत आपण दोघीच असू.

शुक्रवारी रात्री स्वारगेटहून साताऱ्याची एसटी धरते, शनिवारी उजाडता घरी पोचेन. बाबा, पखवाज आदल्या दिवशी उन्हात ठेवू नका, वाद्या कोरड्या पडतात असं तुम्हीच म्हणता. कणीक मी आल्यावर मळू. शनिवारी दुपारी पंखा आणि फ्रीज तासभर बंद ठेवावा लागेल, माईकला त्यांची घूं घूं ऐकू जाते, तेव्हा दूध सकाळीच तापवून घ्या. टाळकरी काकांना रविवारी बोलवा. टाळ वेगळे घ्यायचेत, पखवाज झाल्यावर.

तुमची,
मनू