स्मरणरंजनाचा शिक्का मारून निकाल लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत व्हिडिओ गेमवर सविस्तर लेख आला, याचा मनापासून आनंद झाला. मराठी वृत्तपत्रांत गेमचा विषय निघतो तो बहुधा मुलांचे डोळे, बुडालेला अभ्यास आणि वाया गेलेले पैसे यांच्या निमित्ताने. एखाद्या गेमकडे कोणीतरी घडवलेली कृती म्हणून पाहणारा मजकूर क्वचितच वाचायला मिळतो. म्हणूनच त्या लेखातल्या एका विधानावर आक्षेप नोंदवते आहे. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 2' या जपानी गेमविषयी लेखकाने म्हटले आहे की त्याचे कौतुक झाले ते चाळिशीतल्या खेळाडूंच्या स्मरणरंजनामुळे. एरवी तो पहिल्या भागाचीच थोडी सुधारलेली आवृत्ती आहे. गेम आला तेव्हा, 2023 मध्ये, बाहेरच्या काही समीक्षांतही असाच सूर होता. मला हे मत अन्यायाचे वाटते.

स्मरणरंजन व्हायचे तर गाठीशी आठवणी हव्यात. जपानमध्ये 1986 साली 'ड्रॅगन क्वेस्ट' हा लांब कथेचा गेम आला आणि पुढच्याच वर्षी 'फायनल फँटसी'. 1990 च्या नोव्हेंबरात सुपर फॅमिकॉम हा टीव्हीला जोडायचा गेमचा संच बाजारात आला आणि त्यावर 1994 चा 'फायनल फँटसी 6', 1995 चा 'क्रोनो ट्रिगर' खेळत तिथली आणि अमेरिकेतली एक पिढी मोठी झाली. ठिपक्याठिपक्यांची बुटकी माणसे पाहून त्या पिढीला शाळेची सुट्टी आठवत असेल तर ते साहजिक आहे. पण आपल्याकडे त्या काळात काय होते? टीव्हीला जोडायचा नकली डबा, त्यात घालायची 'कॅसेट' आणि त्या कॅसेटवर मारिओ, काँट्रा, बदकांची शिकार. बाजारपेठेतल्या गेम पार्लरमध्ये 'मुस्तफा' हा मारामारीचा गेम. आज जिथे सोडली तिथूनच उद्या पुढे न्यायची, पन्नास-साठ तास चालणारी कथा हा प्रकार आमच्यापैकी फारच थोड्यांच्या वाट्याला आला असेल. मी त्याच पिढीतली. असे गेम मी पहिल्यांदा खेळले ते नोकरीला लागल्यानंतर, स्वतःच्या संगणकावर. माझ्या ओळखीत हा गेम मनापासून आवडलेली आणखी काही माणसे आहेत, त्यातली दोन तर 2000 नंतर जन्मलेली. या सगळ्यांच्या बाबतीत बालपणाचा मुद्दा लागूच होत नाही. आठवणींशिवायही एखादी गोष्ट इतकी आवडते, तेव्हा तिच्या घडणीत काय आहे याचा शोध समीक्षेने घ्यायला हवा.

स्क्वेअर एनिक्स आणि अॅक्वायर या जपानी कंपन्यांनी मिळून केलेला पहिला 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर' जुलै 2018 मध्ये निन्टेन्डो स्विच या गेमच्या यंत्रावर आला आणि पुढच्या वर्षी संगणकावर. दुसरा आला फेब्रुवारी 2023 मध्ये. या वेळी स्विच, प्लेस्टेशन आणि संगणक अशा तिन्हींवर एकदमच. पात्रे ठिपक्यांची, पण भोवतीचे जग त्रिमितीतले, त्यावर खरा वाटणारा प्रकाश, हलणारे पाणी आणि दूरचे-जवळचे धूसर करणारी नजर, अशा या चित्रशैलीला कंपनीने 'एचडी-2डी' नाव दिले आहे. ती जुन्या गेमची नक्कल नाही. सुपर फॅमिकॉमवर असे चित्र उमटणे शक्यच नव्हते. त्यासाठी अनरियल इंजिन हे गेम घडवायचे आजचे सॉफ्टवेअर लागले. हीच शैली पुढे 'ट्रँगल स्ट्रॅटेजी' या गेमने वापरली आणि 2024 मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट 3' नव्याने केला तोही याच शैलीत.

पण चित्रांपेक्षा मला लढाईविषयी लिहायचे आहे, कारण गेमचा जीव तिथे आहे आणि समीक्षांत तिला 'पारंपरिक' या एका शब्दात उरकले जाते. लढाई पाळीपाळीने चालते हे खरे. प्रत्येक शत्रूपुढे ढालीचे एक चिन्ह असते आणि त्यात एक आकडा. शत्रूला कोणते शस्त्र किंवा कोणती जादू लागू पडते ते आपण शोधून काढायचे. योग्य घाव बसला की आकडा एकाने उतरतो. शून्यावर आला की शत्रू कोलमडतो, त्याची पाळी बुडते आणि तेवढ्यापुरते त्याला जबर नुकसान पोचवता येते. दुसरीकडे आपल्या प्रत्येक पात्राला दर पाळीला एक गुण मिळतो. पाचपर्यंत साठवता येतात, वाराचा जोर वाढवायला एका वेळी तीनपर्यंत खर्चता येतात. पण ज्या पाळीत खर्च कराल त्याच्या पुढच्या पाळीला नवा गुण नाही. या दोन नियमांच्या ओढाताणीत खेळणाऱ्याला सतत ठरवावे लागते, आत्ता मोडायचे की अजून थांबायचे. मोठा बॉस, म्हणजे प्रकरणाच्या शेवटचा बलाढ्य शत्रू, घातक वार करण्याच्या तयारीत असतो, ढालीचा आकडा दोनवर असतो, पाळीच्या क्रमात आपले एकच पात्र त्याच्या आधी असते. अशा वेळी घेतलेला निर्णय पूर्णपणे आपला असतो, बोटांच्या चपळाईचा त्यात काडीचाही वाटा नसतो. ज्यांना झटपट बटणे दाबणे जमत नाही अशांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

हे नियम पहिल्या भागातही होते, हे मान्य. दुसऱ्यात त्यावर प्रत्येक पात्राची एक सुप्त शक्ती आली. चोर असलेली थ्रोने एका पाळीत दोनदा वार करते. पंडित ऑस्वाल्ड सगळ्यांवर पसरणारी जादू एकाच शत्रूवर एकवटतो. धर्मगुरू टेमेनोस कोणत्याही शस्त्राने ढाल उतरवू शकतो, मग ते शस्त्र लागू पडो न पडो. व्यापारी पार्टिटिओ आपले साठवणीचे गुण एका झटक्यात भरून घेतो. ऐकायला या किरकोळ भरी वाटतील, पण प्रत्यक्षात आधीच्या सगळ्या आडाख्यांची फेरमांडणी करावी लागते. शास्त्रीय संगीताच्या समीक्षेत, गायकाने पुन्हा यमनच गायला अशी तक्रार कोणी करत नाही. त्याने यमनात काय केले ते लिहितात. गेमच्या दुसऱ्या भागाला हा न्याय का मिळू नये?

आता कथेचा मुद्दा. पहिल्या भागाच्या समीक्षकांनी एक तक्रार जवळपास एकमुखाने केली होती आणि ती रास्त होती. आठ प्रवासी, आठ कथा, प्रत्येकी चार प्रकरणे. पण एकाचे दुःख चालू असताना उरलेले सात जण दृश्यात दिसतच नाहीत. प्रत्येक प्रकरणाचा साचाही तोच: गावात यायचे, लोकांशी बोलायचे, भुयारात जायचे, बॉसला हरवायचे. आठांना जोडणारा धागा होता, पण तो गेम संपल्यावर, एका दडवलेल्या लढाईमागे. तिथे एकामागून एक आठ बॉस हरवून मग अंतिम शत्रू, आणि मध्ये कुठेही सेव्ह करायची सोय नाही. बहुसंख्य खेळाडू तिथवर पोचले नसतील.

दुसरा भाग हाती घेताना निर्मात्यांनी ही तक्रार ऐकलेली स्पष्ट दिसते. या वेळी प्रवासी जोड्यांनी एकत्र येतात: राजपुत्र हिकारी आणि नर्तकी आग्निया, ऑस्वाल्ड आणि पार्टिटिओ, थ्रोने आणि टेमेनोस, शिकारीण ओशेट आणि औषधे देणारी कास्टी. प्रकरणांचा साचा मोडला आहे. काही प्रकरणांत भुयारच नाही. आणि आठही कथा संपल्यावर सगळ्यांना एकत्र आणणारे शेवटचे प्रकरण आहे, त्यात आधीच्या आठ कथांत विखुरलेले बारीकसारीक दुवे जुळतात. टीका वाचून पाच वर्षांनी तिला असे उत्तर देणारे निर्माते विरळा. पण नेमके हेच उत्तर गेमच्या अगदी शेवटी येते. साठ-सत्तर तासांचा गेम, आणि समीक्षा मात्र बाजारात येण्याच्या दिवशी किंवा आधीच छापायची, या घाईत शेवटाचे वजन समीक्षेत कसे उतरणार? दोन्ही भागांना समीक्षकांकडून शंभरपैकी ऐंशीच्या वर सरासरी मिळाली, दोहोंत फरक थोडासाच. दोन्ही खेळलेल्या माणसाला विचारा, तो फरक इतका थोडा सांगणार नाही.

पार्टिटिओची कथा तर मी कोणालाही ऐकवावी इतकी चांगली आहे. ओरसरश या खाणीच्या गावातला हा पोरगा व्यापार करून गरिबी संपवायला निघतो. वाफेच्या इंजिनाचे हक्क एका माणसाच्या मुठीत राहायचे की सगळ्यांचे व्हायचे, हा त्याच्यापुढचा प्रश्न आहे. त्याची सोडवणूक नुसत्या तलवारीच्या जोरावर होत नाही. ऑस्वाल्ड बायको-मुलीच्या खुनाच्या खोट्या आरोपाखाली बर्फाळ बेटावरच्या तुरुंगात आहे. त्याचा राग तो क्वचितच बोलून दाखवतो. शिवाय या वेळी एका बटणावर दिवसाची रात्र करता येते आणि त्याबरोबर गाव बदलते. पार्टिटिओ दिवसा लोकांकडून वस्तू विकत घेतो, रात्री त्यांना पगारावर ठेवतो. कास्टी दिवसा चौकशी करते, रात्री पहारेकऱ्याला औषध देऊन झोपवते. यासुनोरी निशिकी यांचे संगीतही दिवसाचे आणि रात्रीचे वेगळे, आणि एकातून दुसऱ्यात सहज सरकणारे. रस्त्यावरच्या साध्या माणसाचीही चार ओळींची कहाणी असते. मी कितीदा तरी पुढे जायचे सोडून गावकऱ्यांच्या कहाण्या वाचत बसले आहे.

दोष नाहीत असे मी म्हणत नाही. मुख्य दृश्यांत आठ जण अजूनही एकमेकांशी पुरेसे बोलत नाहीत. त्यांच्या गप्पा वेगळ्या छोट्या संवादांत कोंबल्या आहेत. ओशेटची कथा पातळ आहे. थ्रोनेच्या कथेचा शेवट धक्का देण्याच्या नादात घाईने उरकला आहे. चालता चालता अचानक उपटणाऱ्या लढायांचा शेवटी शेवटी कंटाळा येतो. समीक्षकांनी यावर हवे तेवढे कठोर लिहावे, मी आनंदाने वाचेन.

2023 च्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये भूमिकाप्रधान, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन कथा पुढे न्यायच्या, गेमच्या विभागात हा गेम पाच नामांकनांतही नव्हता. संगीताच्या विभागातही नाही. बक्षीस 'बॉल्डर्स गेट 3'ला मिळाले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या पाचांत कॅनडात तयार झालेला, जुन्या जपानी गेमच्याच वळणाचा 'सी ऑफ स्टार्स' होता. म्हणजे जुन्या वळणाचे वावडे परीक्षकांना नव्हते. नव्या नावाने आलेले जुने वळण ताजे वाटते आणि तेच वळण वर्षानुवर्षे घासूनपुसून पुढे नेणाऱ्यांच्या हातून आले की 'पुन्हा तेच' वाटते, असा माझा समज झाला आहे. 'फायनल फँटसी 16'चे निर्माते नाओकी योशिदा यांनी 2023 च्या सुरुवातीलाच एका मुलाखतीत सांगितले होते की जपानी गेमना वेगळ्या कप्प्यात टाकणे तिथल्या निर्मात्यांना एकेकाळी भेदभावाचे वाटले होते. स्मरणरंजनाचा शिक्का हा मला त्याच कप्प्याचा भाग वाटतो.

या मालिकेतला पुढचा गेम, 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर 0', डिसेंबर 2025 मध्ये आला. त्यात आपले पात्र आपणच घडवायचे आणि उद्ध्वस्त गाव पुन्हा उभारायचे आहे. एका गेमसाठी आपल्या वाचकाला काही हजार रुपये मोजावे लागतात, तेव्हा नीट समीक्षेची गरज त्याला नाटक-सिनेमाच्या प्रेक्षकापेक्षा जास्तच आहे. या गेमवर आपण लेख छापणार असाल तर एक विनंती आहे. लेखकाला महिना-दोन महिने वेळ द्या, गेम पूर्ण करू द्या आणि मगच छापा. पुरवणीला उशीर झाला तरी चालेल. आम्ही वाट पाहू.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर