पोर्टलमध्ये नाव घालण्याआधी

टोलेडो, ओहायो
20 डिसेंबर 2025

चि. ऋत्विक यास अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी फोनवर तू म्हणालास की तुमच्या अमेरिकन फुटबॉल संघात प्रशिक्षकांनी दोन वर्षांच्या ज्युको कॉलेजांतले दोन लाइनमन (तुझ्यासारखेच समोरच्यांना अडवणारे गडी) घेतले, म्हणजे तुझ्यावर त्यांचा भरवसा उरलेला नाही, आणि 2 जानेवारीला ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे संघ बदलू पाहणाऱ्यांची यादी, उघडले की तू नाव घालणार. मी तेव्हा काही बोललो नाही, कारण तुझा आवाज चढलेला होता आणि माझ्याजवळ आकडे नव्हते. आता आहेत.

फ्रिजवर तिसऱ्या आठवड्याचा डेप्थ चार्ट, कोणत्या जागी पहिला कोण आणि दुसरा कोण याचा तक्ता, अजून चुंबकाखाली आहे. लाइनमधल्या राइट गार्डच्या जागेसमोर दुसऱ्या ओळीत तुझे नाव, मग मोठ्या अक्षरांत ‘ऑर’, आणि त्यापुढे त्या शेवटच्या वर्षाच्या मुलाचे नाव. (तेव्हापासून तुझी आई तुला ‘अथवा’ म्हणते, हे तुला ठाऊकच आहे.) त्या चार्टवर मी पेन्सिलीने खुणा केल्या. तुमच्या संघात ऑफेन्सिव्ह लाइनचे सोळा जण होते. त्यांपैकी सहा जणांची खेळण्याची वर्षे संपली, आणि तुझ्यापुढचे दोघेही त्यांतच आहेत. राहिले दहा. त्यांतले तिघे स्कॉलरशिपविना खेळणारे वॉक-ऑन, एकाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. लाइनमध्ये जागा पाच, आणि भरवशाचे गडी सहा, अशी स्थिती असताना जो प्रशिक्षक डिसेंबरात दोन माणसे घेणार नाही, त्याच्या हाताखाली मी तुला खेळू दिले नसते. ती दोन नावे म्हणजे तुझ्यावरचा शेरा नव्हे, ती रिकाम्या झालेल्या खाटांची मोजणी आहे.

छोट्या कॉन्फरन्सच्या (विद्यापीठांच्या लहान साखळीच्या) संघाचे दुखणे पहिल्या अकरांत नसते, दुसऱ्या अकरांत असते. 7 सप्टेंबर 2024 रोजी तुमच्याच मॅक कॉन्फरन्समधल्या नॉर्दर्न इलिनॉयने साउथ बेंडला त्यांच्या मैदानावर जाऊन देशात पाचव्या क्रमांकाच्या नोत्र दामला 16-14 असे हरवले, तेव्हा तू मला मध्येच फोन करून ओरडला होतास. पण पुढचा सामना आठवतो का? दोन आठवड्यांनी घरच्या मैदानावर बफलोने त्यांना जादा वेळेत 23-20 असे हरवले. नोत्र दामचे मात्र बचावातले महत्त्वाचे खेळाडू जखमी होत गेले, तरी पुढच्या जानेवारीत तो संघ राष्ट्रीय अंतिम सामन्यात होता. एका शनिवारी मॅकचा संघ कोणालाही हरवू शकतो, पण असे बारा शनिवार काढायला मागे माणसे लागतात. त्यात सप्टेंबरात भरभक्कम मानधनासाठी मोठ्या विद्यापीठांच्या मैदानांवर जाऊन मार खायचा असतो, तो वेगळाच.

आणि ही मागची माणसे टिकवणे आता फार कठीण झाले आहे. 2021 पासून एकदा संघ बदलला तर वर्षभर बसावे लागत नाही, 2024 पासून अभ्यास नीट असेल तर कितीही वेळा बदलता येतो, आणि जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे मिळवण्याची मुभा आहे. ओहायो विद्यापीठाचा क्वार्टरबॅक कर्टिस रूर्क 2022 मध्ये मॅकचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला, आणि 2024 मध्ये तो मोठ्या कॉन्फरन्समधल्या इंडियानाकडून खेळत होता. यंदा न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्याने 85 स्कॉलरशिपांची मर्यादा गेली आणि तो स्वीकारणाऱ्यांसाठी 105 खेळाडूंची मर्यादा आली. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना सगळ्या 105 जणांना स्कॉलरशिप देता येते. मॅकमधल्या विद्यापीठांना तेवढे कोठून परवडणार? म्हणून तुमचे प्रशिक्षक ओहायो-मिशिगनमधली, मोठ्या विद्यापीठांनी न निवडलेली पोरे घेऊन तीन वर्षे खाऊपिऊ घालतात, आणि तयार झाली की कोणीतरी उचलून नेते. त्यांच्यासाठी हे वाईटच आहे, पण तुझ्यासाठी त्यातच संधी आहे, कारण जो तिथे थांबतो त्याला खेळायला मिळते.

लाइनमनला तर वेळच लागतो. सेंट्रल मिशिगनचा जो स्टेली टाइट एंड (चेंडू झेलणारा आणि अडवणाराही) म्हणून आला, टॅकल (लाइनच्या कडेचा गडी) झाला आणि 2007 मध्ये व्यावसायिक संघांच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. त्याच विद्यापीठाचा एरिक फिशर 2013 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत पहिला होता. तू कोणी फिशर आहेस असे मी म्हणत नाही. पण तू 278 पौंडांवरून 301 वर आलास तो याच संघाच्या व्यायामशाळेत, आणि नोव्हेंबरच्या त्या बुधवारी रात्री राइट गार्ड लंगडत बाहेर आल्यावर तू एकतीस स्नॅप, म्हणजे एकतीस डाव, खेळलास. मी मोजले. आम्ही दोघे एका ब्लँकेटमध्ये बसलो होतो आणि तुझी आई प्रत्येक स्नॅपला माझा दंड पिरगाळत होती.

कोल्हापुरात आमच्या वेळी एका तालमीच्या फुटबॉल संघाचा पोरगा दुसऱ्या तालमीकडून शाहू स्टेडियमवर उतरला, तर पेठेत त्याचा चहा बंद व्हायचा. मी त्या वृत्तीचा नाही. जायचे तर खुशाल जा. पण मोठ्या विद्यापीठातही लाइनच्या खोलीत पंधरा-सोळाच गडी असतात, सगळे तुझ्याहून नावाजलेले, आणि तिथे तुझ्या नावापुढे ‘ऑर’सुद्धा असणार नाही. शिवाय एकदा पोर्टलमध्ये नाव गेले की चालू सत्रानंतर तुझी स्कॉलरशिप पुढे ठेवण्याचे बंधन विद्यापीठावर राहत नाही, आणि तिकडून बोलावणे येईलच याची हमी कोणी देत नाही.

तेव्हा 2 तारखेच्या आत लाइनच्या प्रशिक्षकांना भेट. माझ्यावर भरवसा आहे का, असे विचारू नकोस, त्याला कोणीही होच म्हणेल. वसंत सरावाच्या पहिल्या दिवशी राइट गार्डला पहिले स्नॅप कोण घेणार, आणि ती दोन नवी मुले गार्ड आहेत की टॅकल, एवढेच विचार. ते दोघे टॅकल असतील असा माझा अंदाज आहे, कारण तुमचे दोन्ही टॅकल त्या सहांतच गेले.

मंगळवारी घरी येशील तेव्हा उत्तर घेऊन ये, चार्ट मी काढलेला नाही.

तुझा,
बाबा