खर्रा सोडणाऱ्या चार पानठेल्यांना गावाने हात द्यावा

सर्व ग्रामस्थांना, माता-भगिनींना आणि कामासाठी नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेलेल्या आपल्या गावच्या पोरांना जोहार, जय सेवा, जय भीम आणि नमस्कार.

मागच्या ग्रामसभेत आपल्या गावच्या पाच पानठेल्यांपैकी चौघांनी उभं राहून सांगितलं, की या धानाच्या रोवणीपासून आम्ही खर्रा घोटणार नाही. टाळ्या वाजल्या, ठराव झाला, सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चौघांतली एक ताई माझ्या ओसरीवर येऊन बसली. म्हणाली, "बाई, टाळ्या त झाल्या. आता चूल कशी पेटवू ते सांग." माझ्याकडे उत्तर नव्हतं. गावच्या खर्राबंदी समितीची बैठक बसली, त्यांच्याकडेही नव्हतं. म्हणून हे आवाहन.

आपण सगळे खर्रा ओळखतो. सुगंधित तंबाखू, सुपारीचे तुकडे आणि चुना पन्नीत टाकून घोटला की झाला. पण त्यातला सुगंधित तंबाखू महाराष्ट्रात उघडपणे विकताच येत नाही, हे अजून पुष्कळांना माहीत नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा कायद्याखाली राज्यात गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आली. पुढच्या वर्षीच्या आदेशात सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, खर्रा, मावा हे सगळं आलं. बनवणं, साठवणं, वाहून नेणं, विकणं, चारही गोष्टींना मनाई आहे. मग आपल्या चौकात तो सकाळी सहा वाजता मिळतो कसा?

तो चोरून येतो. राज्याच्या हद्दीपलीकडून येतो, मोठ्या गावातल्या ठोक विक्रेत्याच्या गोदामात उतरतो, आणि तिथून दुचाकीवर, किराणा मालाच्या पोत्याखाली दडवून आठवड्यातून दोनदा आपल्याकडे पोचतो. डब्यावर कधी हुक्क्याचा तंबाखू असं छापलेलं असतं. आपल्या पंचक्रोशीत कोणाच्या घरी हुक्का आहे? बिल नसतं, कर भरलेला नसतो, आत काय मिसळलंय ते तपासलेलं नसतं. धाड पडली की सापडते ती ठेल्यावरची बाई, तिच्याकडचे दोन डबे आणि घोटायची पन्नी. ज्याच्या गोदामात पोती आहेत तो तिला पुढच्या आठवड्यात पुन्हा उधारीवर माल देतो. त्या उधारीत ती अशी अडकते, की सोडावं म्हटलं तरी सुटत नाही. आमच्या मते ही चोरटी साखळी तुटायची असेल तर तिची ही शेवटची कडी आपण सोडवून घेतली पाहिजे. माल टाकायला ठेलाच उरला नाही, तर दुचाकी गावात येईल कशाला?

माझ्या घरचं सांगते, कारण लपवून उपयोग नाही. माझा मोठा भाऊ चौदाव्या वर्षापासून खर्रा खायचा. आधी त्याला भाजीतलं तिखट सोसेना. आम्हाला वाटलं, पित्त असेल. मग जबडा आवळत गेला. आज त्याच्या तोंडात दोन बोटंसुद्धा नीट जात नाहीत, भात कालवून पातळ करून द्यावा लागतो. डॉक्टरांनी सांगितलं, गालाच्या आतली कातडी ताठ झाली आहे, यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. नुसती सुपारीही कॅन्सर करते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने केव्हाच जाहीर केलं आहे. त्यामुळे "मी तंबाखू कमी टाकायला लावतो" म्हणणाऱ्यांनी स्वतःला फसवू नये. आज रात्री जेवायच्या आधी घरातल्या प्रत्येकाने आपली तीन बोटं उभी करून तोंडात घालून पाहा. जात नसतील, तोंडात पांढरा चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर आशाताईंना सांगा. लाजू नका. आपल्या गावात बायाही खर्रा खातात आणि तपासायला मात्र पुरुषच येतात, हे मागच्या वेळी आम्ही पाहिलं आहे.

आता पैशाचं. एक खर्रा वीस रुपयांचा धरा आणि दिवसाला दोनच धरा. वर्षाचे १४,६०० रुपये होतात. आम्ही चारही ठेलेवाल्यांसोबत बसून हिशेब केला. ठोक विक्रेत्याची उधारी फेडून दुसरा माल भरायला प्रत्येकाला साधारण १५,००० रुपये लागतात. म्हणजे एका माणसाच्या वर्षभराच्या खर्ऱ्यात एक घर या धंद्यातून बाहेर निघतं. चौघांचे मिळून ६०,००० रुपये आपल्याला जमवायचे आहेत.

कोणाला काय करायचंय तेही ठरलं आहे. शाळेच्या रस्त्यावरचा ठेला चहा-भज्यांचा होणार, आणि तो शाळेपासून दूर हलवायचा आहे. शाळेच्या १०० यार्डांच्या आत तंबाखूची कोणतीच वस्तू विकता येत नाही, ही जागा आधीच चुकली होती. बसथांब्याजवळचा भाऊ पंक्चरचं काम जाणतो, त्याला हवा भरायचं मशीन हवंय. एकाला भाजीपाला आणायचा आहे. आणि माझ्या ओसरीवर आलेल्या ताईला शिलाई मशीन हवंय. कोणाच्या घरी वापरात नसलेलं चालू मशीन असेल तर पैशाऐवजी तेच द्या. पैसे हातात दिले जाणार नाहीत. समिती वस्तू घेऊन देईल, त्याची बिलं ग्रामपंचायतीच्या फलकावर लागतील.

पैशाखेरीजही मागणं आहे. रोवणी तोंडावर आली आहे. बांधीवर बायांना खर्रा पुरवायची रीत आपणच पाडली आहे. यंदा शेतमालकांनी खर्ऱ्याचे पैसे मजुरीत वाढवून द्यावेत, आणि बांधीवर चहा आणि फुटाणे पाठवावेत. लग्नात, तेरवीत ताटलीत खर्रा ठेवणं बंद करा. लहान पोराला "जा रे, एक घेऊन ये" म्हणून ठेल्यावर पाठवू नका. अल्पवयीन मुलाला तंबाखू देणाऱ्याला बालन्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि त्यात घरचा माणूसही येतो.

चोरटा माल येताना दिसला तर अंगावर जाऊ नका, गाडी अडवू नका. तरुण पोरांना हे मुद्दाम सांगते आहे. गाडीचा नंबर, वेळ आणि कुठे उतरला एवढं लक्षात ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या नि:शुल्क क्रमांकावर किंवा ११२ वर कळवा. स्वतः फोन करायची भीती वाटत असेल तर समितीला सांगा, आम्ही करू.

ज्यांना सोडायचं आहे पण सुटत नाही, त्यांनी १८००-११-२३५६ वर फोन करावा. तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी सेवा आहे, पैसे लागत नाहीत. पहिले काही दिवस डोकं दुखतं, चिडचिड होते, हे आम्ही आमच्या घरांत पाहिलंय. घरच्यांनी तेवढे दिवस सांभाळून घ्यावं.

काही जण म्हणतात, सरकारला जमलं नाही ते तुम्हाला काय जमणार. १९९३ मध्ये आपल्या गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी झाली, ती गावागावांच्या ठरावांनी आणि आपल्याच आयांच्या मोर्च्यांनी झाली. २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती अभियानाचे कार्यकर्ते दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगाव फिरत आहेत, आपल्याही समितीला त्यांनीच वाट दाखवली. आणि पाचवा ठेलेवाला? त्याच्याशी कोणी भांडू नये. त्याचं कर्ज मोठं आहे, त्याला वेळ हवा आहे. चौघांचं नीट झालेलं त्याने पाहिलं तर तोही येईल, अशी आम्हाला आशा आहे.

येत्या रविवारी सकाळी आठ वाजता समाजमंदिरात बैठक आहे. वर्गणी तिथेच द्यावी किंवा ग्रामपंचायत कार्यालयात द्यावी, पावती घेतल्याशिवाय कोणालाही पैसे देऊ नयेत. दहा रुपयांचीही पावती मिळेल. बाहेरगावी असलेल्यांनी घरच्यांकडे पाठवावेत. बैठकीनंतर तिथेच तोंडाची तपासणी होईल. संशय आलेल्यांना जिल्हा रुग्णालयात आणि गरज पडल्यास नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात नेण्यासाठी गाडी लागणार आहे. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी कोणत्या दिवशी देऊ शकाल ते बैठकीत सांगावं. डिझेल समिती भरेल. येताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत आणा, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत उपचारासाठी ते लागतात.

आपली,
सचिव, खर्राबंदी समिती
(ग्रामसभेच्या वतीने)