रविवारी रात्री आलेल्या फोनबद्दल

ताई,

स. न. वि. वि.

प्रत्यक्ष भेटून बोलायचं ठरवलं होतं, पण शाळेच्या फाटकाशी नेहमी गर्दी, आणि विषय काढला की तुम्ही "अहो, त्यात काय एवढं" म्हणून उडवून लावता. म्हणून हे पत्र. सगळ्यांनी वाचलं तर चालेल का, असं विचारलं तेव्हा "चालेल, पण नाव नको" म्हणालात. नाव घातलेलं नाही. तुमच्या मुलाचंही नाही, माझ्या मुलीचंही नाही. वर्गातल्यांना कळायचं ते कळेलच.

त्या रविवारी रात्री साडेनऊला तुमचा फोन आला तेव्हा मी हातमोजे घालून गोळी अर्धी करत होतो. तिच्या रोजच्या केमोच्या गोळीला उघड्या हाताने शिवायचं नसतं. तुम्ही आधी दोनदा "सॉरी" म्हणालात. मग म्हणालात, "सांगू की नको कळत नव्हतं. नुसतं घामोळंही असेल. पण आंघोळ घालताना पोटावर तीन फोड दिसले. शुक्रवारी दिवसभर हे दोघं एका बाकावर होते, म्हणून म्हटलं सांगून टाकावं. आणि हो, तिची फूटपट्टी आमच्याकडे आलीय."

पाठोपाठ फोटो आला. टॉर्चच्या उजेडात काढलेला, जरा हललेला. लालसर डागावर पाण्याच्या थेंबासारखा एक फोड, शेजारी दोन बारके. डॉक्टर लोक याला गुलाबाच्या पाकळीवरचा दवबिंदू म्हणतात. रोगाला इतकी देखणी उपमा कोणाला सुचली असेल, कोण जाणे. ते घामोळं नव्हतं.

कांजिण्यांची गोम अशी की अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल दुसऱ्यांना संसर्ग देत असतं. म्हणजे शुक्रवारी तुमचा मुलगा ठणठणीत दिसत होता, खिदळत होता, आणि त्याच वेळी त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडत होता. यात तुमची चूक नाही. आजारी मुलाला घरी ठेवायला आधी ते आजारी आहे हे कळायला तर हवं! त्यामुळे रविवारनंतरचा प्रत्येक तास मोलाचा होता आणि तुम्ही त्यातला एकही फुकट घालवला नाहीत.

आमच्या लेकीचं काय आहे हे तुम्हाला वरवर माहीत होतं. आता नीट सांगतो. तिला रक्ताचा कर्करोग आहे, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. उपचार दोन-तीन वर्षं चालतात. सुरुवातीचे कडक महिने सरले की शेवटचा लांबलचक टप्पा बराचसा घरच्या गोळ्यांवर निघतो. केस परत येतात, मूल शाळेत जातं, आणि बघणाऱ्याला वाटतं, झाली की बरी. पण त्या गोळ्या चुकार पेशींना दाबताना चांगल्या पांढऱ्या पेशींनाही दाबतात. पूर्वी घेतलेल्या लशींनी जी ओळख शरीराला करून दिलेली असते, तीही या उपचारात पुसट होते. आमच्या रिपोर्टमध्ये कांजिण्यांच्या अँटिबॉडी, म्हणजे त्या विषाणूशी लढणारी रक्तातली प्रथिनं, नव्हत्याच. आणि कांजिण्यांची लस पुन्हा देताही येत नाही, कारण ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूची असते. धडधाकट मुलाचं शरीर त्याला सहज आवरतं, तिच्या शरीराला ते जमेलच असं नाही. उपचार संपल्यावर काही महिने थांबून मग बघू, असं डॉक्टर म्हणतात.

तुमच्या मुलाला आठवडाभर खाज आणि सुट्टी. तिच्या बाबतीत तोच विषाणू फुप्फुसात, यकृतात, मेंदूत उतरू शकतो. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा डॉक्टरांना ते पुन्हा म्हणायला लावलं होतं.

तुमचा फोन ठेवल्या ठेवल्या वॉर्डला लावला. सिस्टरांनी प्रश्न विचारले ते मोजके आणि नेमके: शेवटचं कधी एकत्र होते, किती वेळ, एकाच खोलीत का, पहिला फोड कधी दिसला. ताई, या चारही प्रश्नांची उत्तरं माझ्याकडे होती, कारण तुम्ही न विचारता ती दिली होतीत. "सकाळी या, पण बाकीच्या मुलांच्यात बसू नका. खालून फोन करा, मागच्या दाराने घेऊ." तिथे बसलेली इतर मुलंही तिच्यासारखीच की. सकाळी संशयित आरोपीसारखे आम्ही मागच्या जिन्याने वर गेलो.

सोमवारी दुपारी तिच्या दोन्ही मांड्यांत इंजेक्शन दिलं. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ज्यांच्या रक्तात कांजिण्यांविरुद्धच्या अँटिबॉडी भरपूर आहेत अशा लोकांनी दिलेल्या प्लाझ्मातून ते बनतं. लस शरीराला लढायला शिकवते, हे म्हणजे काही आठवड्यांपुरतं उसनं आणलेलं सैन्य. हे संपर्कानंतर जितक्या लवकर तितकं उत्तम, आणि दहा दिवसांच्या आत तर हवंच. आम्हाला ते तिसऱ्या दिवशी मिळालं. तुम्ही बुधवारपर्यंत "बघू, काय होतंय ते" म्हणत थांबला असतात, तरी कोणी तुम्हाला नावं ठेवली नसती. फक्त आमचे दोन दिवस गेले असते. ज्यांच्या प्लाझ्मातून ते इंजेक्शन झालं, त्यांना मी कधीच ओळखणार नाही. त्यांच्या वाटणीचे आभारही इथेच मानून घेतो.

फोनवर तुम्ही चाचरत आणखी एक गोष्ट सांगितलीत. त्याचा लशीचा पहिला डोस झालाय, दुसरा राहून गेला. धाकटीच्या वेळच्या धावपळीत. तुमचा आवाज तिथे बसला होता. तेव्हा मला काही बोलायचं सुचलं नाही, आता बोलतो. पहिल्या डोसमुळेच त्याचे फोड इतके मोजके राहिले असावेत. लस घेतलेल्यालाही कधीकधी कांजिण्या होतात, पण सहसा सौम्य, आणि फोड कमी असले की संसर्गही कमी पसरतो. म्हणजे तो एकच झालेला डोससुद्धा माझ्या लेकीच्या कामी आला असेल. दुसऱ्या दिवशी तुम्ही धाकटीला तातडीने लस देऊन आणलीत, तेही बरोबर केलंत. संपर्कानंतर तीन-पाच दिवसांत दिली तर अनेकदा आजार टळतो किंवा निदान हलका जातो.

या लशीची गोष्ट मला वॉर्डातल्या रिकाम्या दुपारी वाचायला मिळाली. मिचिआकी ताकाहाशी नावाचे जपानी डॉक्टर होते. 1964 साली त्यांच्या तीन वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या, आणि चांगल्याच जोरात झाल्या. बाप विषाणूंचाच अभ्यासक, पण उशाशी बसून राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हता. पुढे दहा वर्षांनी, 1974 मध्ये, त्यांनी दुबळ्या केलेल्या विषाणूची लस जगापुढे ठेवली. ज्या मुलाच्या फोडातून मूळ विषाणू घेतला त्याचं आडनाव ओका, म्हणून लशीतल्या विषाणूला आजही ओकाच म्हणतात. कुणाच्या तरी लेकराच्या अंगावरचा फोड, आणि त्यातून जगभरच्या लेकरांची लस. फक्त आमच्या लेकीला ती तूर्त चालत नाही. तिची लस म्हणजे तुम्ही, तुमची दोन मुलं आणि त्या वर्गातले बाकीचे.

तुमच्या फोनची किंमत मला इतकी का वाटते, तर उलटा अनुभव पदरी आहे. वर्षभरापूर्वी एका ओळखीच्यांकडे वाढदिवसाला गेलो होतो. निघण्याआधी विचारलं होतं, कोणी आजारी नाही ना? "छे छे, सगळे मजेत." तिथे गेल्यावर पाहतो तर एक मूल शेंबूड पुसत, खोकत सगळ्यांच्या मांडीवर बसतंय. "अहो, नुसती सर्दी आहे." आम्ही दहा मिनिटांत निघालो, तरी चार दिवसांनी ताप चढला, काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींचे आकडे, तळाला गेलेले, आणि सहा दिवस सलाईनवर अँटिबायोटिक. त्यांना दोष देत नाही असं मी सगळ्यांना सांगतो. खरं सांगायचं तर देतो. सर्दीबद्दल नाही, त्या "छे छे"बद्दल.

म्हणून तुम्ही मागाहून विचारलंत, "आम्ही अजून काय करू?", तेव्हा फोनवर मी काहीतरी थातुरमातुर बोललो. खरं उत्तर म्हणजे, जे केलंत तेच. खात्री होण्याची वाट न बघता सांगायचं. दहा वेळा घामोळं निघालं तरी चालेल, मी दहाही वेळा आनंदाने फोन उचलेन.

बाकी, तुम्ही विचारलंतच म्हणून. गोवराची शंका आली तर रात्री दोनलाही उठवा. लस नसलेल्या 10 जणांत एक गोवराचा रुग्ण मिसळला तर जवळपास 9 जणांना तो होतो, आणि रुग्ण निघून गेल्यावरही त्या खोलीच्या हवेत विषाणू दोन तासांपर्यंत राहू शकतो. तिथेही इंजेक्शन आहे, पण सहा दिवसांच्या आत. गालावर चापट मारल्यासारखी लाली येणारा एक ताप असतो, तोही कळवा. निरोगी मुलांना त्याचं काही नसतं, आमच्यासारख्यांच्या अंगात मात्र तो तांबड्या पेशी बनणंच थांबवून बसतो. आणि घरात कोणा आजी-आजोबांना नागीण झाली तर तीही. नागीण म्हणजे अंगात झोपी गेलेल्या कांजिण्याच पुन्हा जाग्या झालेल्या असतात. तिच्या फोडांतून लहान मुलांना कांजिण्या होतात, हे कित्येकांना ठाऊकच नसतं. मलाही नव्हतं. धाकटीला लशीनंतर अंगावर पुरळ आलं असतं, तर ते जाईपर्यंत आमच्या पोरीपासून लांब ठेवायचं होतं. तुम्ही तेही आठवणीने विचारलं होतंत.

साबणाने हात धुणं वगैरे तुम्हाला काय सांगायचं. इतकंच, की उलट्या-जुलाबांच्या साथीत नुसत्या सॅनिटायझरवर भिस्त ठेवू नये. तिथे साबण आणि पाणीच.

काही पालक आम्हाला मायेने म्हणतात, "मग तिला घरीच का नाही ठेवत?" प्रश्न वाईट हेतूने नसतो, पण लागतो. दोन-तीन वर्षं म्हणजे तिच्या आयुष्याचा केवढा मोठा तुकडा. काउंट बरे असतील तेव्हा शाळेत पाठवा, असं खुद्द डॉक्टरच म्हणतात. साथ आली की घरी, ओसरली की शाळेत, असं आमचं चालतं. आणि ती साथ आली हे आम्हाला सांगणार कोण, तर तुम्हीच.

इंजेक्शननंतरची गंमत ही की वाट बघणं लांबतं. कांजिण्या एरवी 21 दिवसांच्या आत दिसतात. हे इंजेक्शन दिलं की 28 दिवस मोजायचे. आम्ही कॅलेंडरवर शुक्रवारपासून आकडे घातले. आठव्या दिवसापासून ती स्वतः इतरांना देऊ शकेल असं धरून दवाखान्यात तिच्यासाठी वेगळी खोली, तोच मागचा जिना. रोज रात्री बॅटरी घेऊन तिची पाठ, मान, केसांत बघायचं. ती वैतागायची. एकदा म्हणाली, "बाबा, तू नकाशा शोधतोयस का?" सतराव्या दिवशी थर्मामीटर 38.1 सेल्सिअस दाखवायला लागला. 38 च्या वर गेलं की औषध न देता थेट दवाखाना, हा आमच्या घरातला नियम. तापाचं औषध दिलं तर ताप झाकला जातो आणि आतलं कळत नाही. रात्री अकराला गेलो. रक्त तपासलं, दोन दिवस ठेवून घेतलं, ताप आपसूक उतरला, कशाचा होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. फोड एकही आला नाही.

त्या दोन दिवसांत तुमचा रोज सकाळी एक मेसेज यायचा. "कशी आहे?" एवढाच. उत्तराची अपेक्षा न ठेवणारा. आणि त्याआधी पहिल्या आठवड्यात तुमचा मुलगा खपल्या मोजून कळवायचा. "काका, आज अकरा सुकल्या, दोन ओल्या आहेत." शेवटच्या फोडावर खपली धरेपर्यंत तुम्ही त्याला घराबाहेर सोडलं नाहीत. वर्गाची सहल होती त्या आठवड्यात, हे मला नंतर दुसऱ्याच कोणाकडून समजलं. त्याच्या खात्यावर माझी एक सहल बाकी आहे, हे त्याला सांगा.

अठ्ठाविसावा दिवसही शुक्रवारच होता. सोमवारी ती शाळेत आली, त्याच बाकावर बसली. घरी आल्यावर मी विचारलं, काय म्हणाला तुझा मित्र? म्हणाली, "तो म्हणतो पट्टी साबणाने धुतलीय, तरी परत घ्यायची का ते बाबांना विचारून ये."

पट्टीने काही होत नाही, ताई. ती त्याच्याकडेच राहू द्या. तिला आम्ही दुसरी घेतलीय.

आपला,
त्याच बाकावरच्या मुलीचा बाबा