कालवा नको, बंधाऱ्यावर चल

कोल्हापूर,
जानेवारीचा पहिला आठवडा

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

काकूंना घेऊन येतोयस, चढ नको, गर्दी नको आणि चालणं पाण्याच्या काठानं हवं, असं तू लिहिलंस. म्हणजे रंकाळा बाद. तुझ्या मनात गावाच्या वरच्या अंगानं जाणारा एखादा जुना कालवा आहे, पण तसला कालवा इथं शोधत बसू नकोस. त्याऐवजी कसबा बावड्याला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर जा. कोल्हापूरकरांनी कालव्याचं काम नदीवरच ढकललंय, आणि ते कसं जमवलंय हे या बंधाऱ्यावर उघडं दिसतं.

कारण साधं आहे. धुळे-साक्रीकडे पांझरा नदीवर बंधारा घातला आणि काठानं पाट काढला की पाणी उतारानं आपलं आपण फडात, म्हणजे शेतांच्या पट्ट्यात, पोचतं. आपल्याकडं नदी खोल पात्रातून वाहते, काठ उंच आणि शेतं त्याच्याही वर. पाणी उचलल्याशिवाय उसाला लागत नाही. मग लांबलचक कालवा खोदण्यापेक्षा धरणातलं पाणी नदीतच सोडायचं, जागोजागी बंधारे घालून ते अडवायचं आणि जिथं हवं तिथं मोटारीनं वर घ्यायचं. बंधाऱ्यापाशी तुझ्या समोर असेल ते पाणी बरंचसं राधानगरी धरणातून, पंचगंगेला मिळणाऱ्या भोगावती नदीनं आलेलं असतं. त्या धरणाचं काम शाहू महाराजांनी १९०७-०९ च्या सुमारास सुरू केलं. पैशाअभावी ते मध्येच थांबलं आणि पूर्ण झालं ते स्वातंत्र्यानंतर, पण अर्धवट भिंतीमागंही पाणी साठतच होतं. बावड्याचा बंधारा त्यांचे चिरंजीव राजाराम महाराज यांच्या काळातला.

लांबून तो तुला ठेंगणा पूलच वाटेल. दगडी खांबांची रांग आणि त्यावर माणसं नि दुचाक्या जाण्यापुरता स्लॅब. म्हणून नुसता ओलांडून जाऊ नकोस, खांबांमध्ये वाकून बघ. प्रत्येक खांबाच्या दोन्ही कुशींना उभ्या खाचा असतात, एकीमागं एक अशा दोन. दोन खांबांमधल्या गाळ्यात, त्या खाचांतून, आडव्या फळ्या एकावर एक खाली सोडतात. त्यांना बरगे म्हणतात. पूर्वी ते लाकडी असत, आता बहुतेक ठिकाणी लोखंडी. बरग्यांच्या दोन भिंती उभ्या राहिल्या की मधल्या पोकळीत चिकणमाती भरून ठोकायची. पाणी खरं अडवते ती ही माती, बरगे तिला नुसते धरून ठेवतात. सगळ्या देशात कोल्हापूर पद्धतीचा बंधारा म्हणतात तो हाच. इंजिनिअर मंडळी त्याला के. टी. वेअर म्हणतात.

कायमची भिंत का नाही बांधली, हे काकू नक्की विचारतील. पंचगंगेला पावसाळ्यात जे पाणी येतं त्यापुढं आडवी भिंत म्हणजे काठावरच्या गावांना बुडवायची सोयच. शिवाय भिंतीमागं गाळ साचून साठा घटत जायचा. बरगे काढले की नदी मोकळी होते, गाळ पुरासोबत निघून जातो. पाटबंधारे खात्याच्या हिशोबात रब्बी हंगाम १५ ऑक्टोबरला सुरू होतो. परतीचा पाऊस ओसरला की त्याच सुमारास बरगे घालायला घेतात आणि मृगाच्या आधी काढून काठावर रचून ठेवतात.

आता यात बिघडतं काय ते सांगतो, म्हणजे बघताना मजा येईल. बरगे लवकर घातले आणि परतीचा पाऊस जोरात आला, तर पाण्याला वाट उरत नाही. मग ते बंधाऱ्याच्या टोकाशी काठ पोखरतं. खांब जागच्या जागी आणि नदी बाजूनं निघाली, असं होऊ शकतं. म्हणून दोन्ही टोकांचं दगडी बांधकाम नीट बघ, बंधाऱ्याचा जीव तिथं असतो. उशिरा घातले तर अडवायला पाणीच कमी. काढायला उशीर झाला आणि वळवाचं पाणी चढलं, तर दाबानं बरगा खाचेत आवळून बसतो, साखळीनं ओढूनही हलत नाही. सगळ्यात खालचा गाळात रुततो तो वेगळाच. पुरातून आलेलं ओंडकं आदळून एखादा वाकला की पुढच्या वर्षी तो खाचेत सरकत नाही. लोखंडी बरग्यांना भंगाराचा भाव असतो, त्यामुळं काठावर रचलेले चोरीलाही जातात. चार बरगे कमी पडले की त्या गाळ्याची उंची कमी, आणि सगळ्या बंधाऱ्याचं पाणी त्या एका गाळ्याच्या उंचीला येऊन थांबतं. खालच्या अंगाला उभा राहून प्रत्येक गाळा बघत जा. जिथून झिरपणारं पाणी गढूळ असेल तिथली माती वाहून चाललीय. स्वच्छ झिरपत असेल तर फारसं बिघडलेलं नाही.

एक गोष्ट काकूंना आवडणार नाही, ती आधीच सांगून ठेवतो. अडवलेलं पाणी महिनोन्‌महिने उभं राहतं आणि त्यात वरून सांडपाणी मिसळतं. उन्हाळ्याकडं वास येतो, केंदाळ म्हणजे जलपर्णी पसरते. पार खाली तेरवाडच्या बंधाऱ्यापर्यंत मेलेल्या माशांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. नदीचा कालवा केल्याची किंमत ती हीच. म्हणूनच मी तुला डिसेंबर ते फेब्रुवारी सांगतो, तेव्हा पाणी बऱ्यापैकी बरं असतं.

बंधारा ओलांडलास की लगेच परत फिरू नकोस. काठावर मोटारींची शेडं आणि जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरी, दिसतील, तिथून जाड पाइप वर चढतात. पाइपाच्या मागानं गेलास तर वर शेताच्या उंचवट्यावर एक हौद लागतो. पाणी त्यात उसळून पडतं आणि तिथून पाटानं सऱ्यांत जातं. तुला हवा असलेला कालवा तो हा, फक्त उलटा, आधी पाइपातून चढलेला आणि मग उतारानं निघालेला. पाटाच्या बांधावरून चालता येतं, पण दारं मोडू नकोस. पाणी पाजणाऱ्यानं मातीचा एक बंध घालून पाळी वळवलेली असते. त्यावर पाय पडला की पाणी शेजारच्या सरीत, आणि मग त्याच्या शिव्या खाव्या लागतील. त्या रास्तच असतील. या दिवसांत गुऱ्हाळं चालू असतात. धूर दिसला तर तिकडं वळा, गरम काकवी मागितली तर कुणी नाही म्हणत नाही.

पाणी मोजण्याची पट्टीही बघून घे. पावसाळ्यात ‘पंचगंगा इतक्या फुटांवर’ अशी बातमी तू ऐकतोस, ते फूट या राजाराम बंधाऱ्यापाशी मोजलेले असतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. बंधारा स्वतः त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातो. २०१९ च्या ऑगस्टात पाणी ५५ फुटांच्या वर होतं. पट्टीवरचा तो आकडा मान वर करून बघ, म्हणजे शहराचा एवढा भाग का बुडाला ते कळेल. राधानगरीला स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव काठोकाठ भरला की ते आपोआप उघडतात, आणि एका दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी सुटतं. ‘दोन दरवाजे उघडले’ हे ऐकलं की नदीकाठचा शेतकरी आधी मोटार वर ओढून घेतो, जेवायला मग बसतो.

सकाळी आठला निघा. त्याआधी धुकं दाट असतं, काही दिसत नाही. मध्यवर्ती स्टँडवरून बावड्याला केएमटीची शहर बस मिळते. तिथून बंधाऱ्याचा रस्ता कुणीही सांगेल. काकूंसाठी बावड्यातून रिक्षाच करा. स्लॅबवर कठड्याचा भरवसा धरू नकोस, पुरातलं केंदाळ नि ओंडकं अडकून कठडे उखडतात. त्यांना मधून चालव, दुचाकी आली की थांबा. चप्पल नको, बूट हवेत, कारण काठाची चिकणमाती दहिवरानं निसरडी होते. खाली पाण्यात मात्र उतरू नका. बंधाऱ्याजवळ पाणी वरून शांत दिसतं, पण एखाद्या गळक्या गाळ्याकडं ओढ असते. हौदापर्यंत जाऊन परत यायला, थांबत थांबत, दीड-दोन तास धर.

येण्याआधी एक फोन कर. मध्येच बरगे दुरुस्तीला काढले असतील तर पाणी उतरलेलं असतं. मग दिवस बदलू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक