गौरवगीतात शेत कुठे आहे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सुगी आटोपत आली की आमच्या बेळगावकडच्या सीमाभागात ग्रामीण साहित्य संमेलनांचे वेध लागतात. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा, निपाणीकडे कारदगा, खानापूर तालुक्यात माचीगड अशा गावांत मांडव पडतो, ग्रंथदिंडी निघते आणि उद्घाटनापूर्वी शाळेच्या मुली स्वागतगीत गातात. त्या गीतात बळीराजा असतो, काळी आई असते आणि मोत्यांसारखे दाणे असतात. शिक्षक या नात्याने अशी दहा-बारा गीते मी स्वतः लिहिली आणि पेटीवर बसवून घेतली आहेत. तेव्हा या पत्रातील तक्रारीचा पहिला आरोपी मीच आहे, हे आधीच कबूल करतो.

इंग्रजीत ज्याला ओड म्हणतात ते स्तुतिकाव्य मुळात गाण्यासाठीच जन्मले. ग्रीक कवी पिंडार याची क्रीडास्पर्धांतील विजेत्यांवरची कवने समूहाने गायली जात. आपल्याकडे भूपाळी, आरती आणि पोवाडा यांनी हेच काम निरनिराळ्या प्रसंगी केले. कर्नाटकात तर कन्नड कवी कुवेंपू यांचे नांगरधारी योग्यावरचे गीत शेतकरीगीत म्हणून सरकारी समारंभांत गायले जाते, आणि भाषेच्या वादापलीकडे जाऊन सांगायचे तर ते सुंदर आहे. म्हणजे शेतकऱ्याची स्तुती करण्यात आपण कोणीच मागे नाही. प्रश्न एवढाच की स्तुती करताना आपण नेमके कशाकडे पाहत असतो.

या बाबतीत मला शिकवणीच्या काळातला इंग्रज कवी कीट्स आठवतो. १८१९ च्या सप्टेंबरात त्याने शरद ऋतूला उद्देशून कविता लिहिली, तिच्यात तो ऋतू धान्याच्या कोठारात बसतो, अर्धवट कापलेल्या पिकाच्या तासात झोपी जातो आणि एके ठिकाणी सरवा वेचणाऱ्या बाईसारखा डोक्यावरचे ओझे तोल सांभाळत ओढ्यापलीकडे नेतो. वर्गात हा भाग आला की कोणत्याही टिपेची गरज पडत नसे. भाऱ्यासह नाला ओलांडणारी आजी प्रत्येक मुलीने पाहिलेली असे. मात्र मी एक गोष्ट मुद्दाम सांगत असे. कापणीनंतर शेतात पडलेली कणसे वेचण्याचा गरिबांना कायदेशीर हक्क आहे, हे म्हणणे इंग्लंडच्या न्यायालयाने १७८८ सालीच फेटाळले होते. कायद्याने जिला शेताबाहेर काढले तिला कवीने तीस वर्षांनंतर पुन्हा शेतात आणून उभे केले, कारण त्याने ‘शेतकरी’ नावाचा पुतळा पाहिला नव्हता, एक बाई, एक ओझे आणि एक ओढा पाहिला होता.

चिलीच्या पाब्लो नेरुदाने १९५४ मध्ये कांदा-टोमॅटोवर ओड रचल्या याचे आपल्या व्याख्यानांतून फार कौतुक होते आणि ते योग्यही आहे, पण अरणच्या सावता माळ्याने तेराव्या शतकात कांदा, मुळा, लसूण आणि कोथिंबीर यांतच आपला विठ्ठल पाहिला, हे सांगताना आपण उगाच संकोचतो. त्या अभंगातला मळा त्याचा स्वतःचा होता. आमच्या स्वागतगीतातले मोत्यांचे दाणे नेमके कोणत्या पिकाचे, हे लिहिणाऱ्या मलाही सांगता आले नसते.

आमचे पीक तर नाव घेण्याजोगे आहे. येळ्ळूर, शहापूर, वडगाव, अनगोळ या शिवारांतील बासमतीचा वास एकेकाळी दारातून जाणाऱ्याला थांबवत असे, आणि भात निघाल्यावर त्याच ओलीवर येणाऱ्या मसुरीला आजही वेगळी मागणी आहे. याच पट्ट्यातून हलगा-मच्छे बायपास आखला गेला आणि शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे बांधावर व न्यायालयात झगडावे लागले. रस्ताच नको असे म्हणणारा मी नाही. माझ्या भाताची पोतीही रस्त्यानेच बाजारात जातात. परंतु घरात ज्या शेताला आम्ही तळ्याखालचे म्हणतो, बांधाकडचे म्हणतो, ते नोटिशीत केवळ सर्व्हे नंबर आणि गुंठे होऊन येते, तेव्हा मन दुखावते, आणि मग लक्षात येते की आमच्या गौरवगीतानेही त्या शेताचे नाव कधी घेतलेले नसते. विकासाच्या कागदात ती ‘जागा’ असते, गीतात ‘काळी आई’ असते. दोन्हीकडे तिथे काय पिकते याचा उल्लेख नाही. देशातील सुमारे ४५ टक्के कामकरी माणसे अजून शेतीत असताना आणि उत्पन्नातील शेतीचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास असताना, हे मोघम कौतुक कोणाच्या सोयीचे ठरते हे वेगळे सांगायला नको.

येथे जुन्या गाण्यांचा गहिवर मला घालायचा नाही. कापणीची भलरी, भांगलणीची गाणी, मोटेवरची गाणी आणि जात्यावरच्या ओव्या कामाच्या लयीतून आल्या आणि काम बदलल्यावर मावळल्या. पहाटे मोट हाकताना ज्यांचे खांदे मोडले, त्यांच्यापैकी कोणीही विजेचा पंप आल्यावर मोटेसाठी रडले नाही. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा माझ्या आईने जाते हसत कोपऱ्यात सरकवले. हा विकासच होता. खटकते ते एवढेच की चाळीस वर्षांत कोणी मोट पाहिली नसताना आमची गीते अजून मोटेवरच थांबली आहेत, आणि थ्री फेज वीज रात्रीच्या पाळीत येते म्हणून बॅटरी घेऊन, सापकिरड्याची भीती बाळगत पाणी पाजायला जाणारा माणूस एकाही गीतात नाही.

शेतकऱ्याचे हित ज्यांनी खरोखर मनावर घेतले त्या महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये त्याच्यासाठी आरती रचली नाही, ‘असूड’ लिहिला, आणि त्यात कर, कर्ज, जंगल, पाणी व अज्ञान यांचा तपशीलवार हिशेब मांडला. आमच्याच भागात १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी निपाणीजवळ महामार्गावर तीन आठवड्यांहून अधिक काळ ठाण मांडून बसले, त्या जागेला आंदोलननगर म्हटले गेले आणि शेवटी गोळीबारात त्यांतले काही मारले गेले. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात पानिपत दरवर्षी होत असे, निपाणी एकदाही झाले नाही. यालाही मी जबाबदार आहे.

म्हणून संमेलनांच्या संयोजकांना आपल्या पत्राद्वारे एक विनंती आहे. यंदा एका सत्राचा परिसंवाद कमी करून तो तास गावातल्या वृद्ध स्त्रियांना द्यावा, त्यांची गाणी मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि त्याच व्यासपीठावर नव्या कवींना आपल्या शिवारातील एका पिकावर, नावानिशी, लिहायला सांगावे. गी पॉइटव्हिन आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. याच जिल्ह्यातील सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांनी आजारपणात देवासला पडून असताना माळव्यातील बायकांची गाणी कान देऊन ऐकली आणि पुढे ऋतूंवर गाण्यांच्या अख्ख्या मैफली उभ्या केल्या. आमच्या गावात तर अंथरुणाला खिळण्याचीही गरज नाही. पारावर जाऊन बसले तरी पुरे.

भांगलणीची एकवीस गाणी मी आईकडून एका वहीत उतरवून ठेवली आहेत. त्यांपैकी चार अपुरी आहेत, आणि ती पूर्ण येणाऱ्या दोघीजणी आता ऐंशीच्या पुढे आहेत. कोणा संयोजकाला वही हवी असल्यास खुशाल यावे. मात्र मसूर पेरून होईपर्यंत दिवसा मी घरी सापडणार नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व भातउत्पादक,
येळ्ळूर, ता. जि. बेळगाव