सल्ला निर्णयाआधी मागावा आणि त्याचे उत्तर लेखी द्यावे

मा. संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

इंदूर शहरासाठी एक स्थायी नागरी पर्यावरण सल्लागार मंडळ असावे, त्यावर मानधन न घेता काम करणारे जाणकार नागरिक असावेत आणि मंडळाने दिलेल्या प्रत्येक सल्ल्याला नगर निगमाने ठराविक मुदतीत लेखी उत्तर द्यावे, ही मागणी आपल्या वृत्तपत्रातून मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. मी वनस्पतिशास्त्राची निवृत्त प्राध्यापिका असून निवृत्तीनंतर अशाच स्वरूपाच्या एका समितीवर निमंत्रित सदस्य म्हणून काही काळ काम केले आहे. या मागणीतला शेवटचा भाग, म्हणजे लेखी उत्तर, मला सर्वांत महत्त्वाचा का वाटतो, हे त्या अनुभवावरूनच सांगते.

आपल्या शहराने २०१७ पासून स्वच्छ सर्वेक्षणात देशात पहिला क्रमांक टिकवला आणि २०२१ मध्ये ‘वॉटर प्लस’ हा (सांडपाणी प्रक्रियेविना नदी-नाल्यांत न सोडणाऱ्या शहरांना मिळणारा) दर्जा देशात सर्वप्रथम मिळवला. पहाटे रस्ते झाडणारे सफाई मित्र, घराघरांत ओला-सुका कचरा वेगळा ठेवणाऱ्या गृहिणी आणि निगमाचे कर्मचारी या सर्वांचे हे श्रेय आहे. कचरा रोज साचतो, रोज दिसतो आणि म्हणून त्याची रोज दखलही घेतली जाते. पण बुजत चाललेला नाला, खाली जाणारे भूजल, तलावात पाणी आणणाऱ्या उतारावर उभी राहिलेली वसाहत यांचे परिणाम दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात. तोवर अधिकाऱ्यांच्या अनेक बदल्या झालेल्या असतात आणि पार्षदही (नगरसेवक) बदललेले असतात. पावसाचे पाणी पूर्वी कुठून वाहत असे, हे त्या गल्लीत चाळीस वर्षे राहिलेल्या माणसालाच ठाऊक असते आणि त्याला ते कोणी विचारत नाही.

कायद्याने याची तरतूद केलेलीच नाही, असेही नाही. २००२ च्या जैविक विविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करणे बंधनकारक आहे आणि स्थानिक लोकांशी बोलून लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे परिसरातील झाडे-प्राणी आणि त्यांच्याविषयीचे स्थानिक ज्ञान यांची नोंद, तयार करणे हे त्या समितीचे मुख्य काम आहे. देशभर हे काम इतके रेंगाळले, की राष्ट्रीय हरित लवादाला ३१ जानेवारी २०२० ही अंतिम मुदत घालून द्यावी लागली आणि ती न पाळणाऱ्या राज्यांनी दरमहा दहा लाख रुपये भरावेत, असे बजावावे लागले. त्या धाकाने कागदावरच्या समित्या झपाट्याने वाढल्या. मात्र घाईने भरलेल्या नोंदवहीत परिसर उतरत नाही; त्यासाठी तिथे चार ऋतू फिरावे लागते आणि असे फिरणारी माणसे स्वयंसेवकच असतात.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७३ पासून एक कायदा आहे. त्यानुसार कोणतीही नगरपालिका तीन ते सात नागरिकांचे पर्यावरण सल्लागार मंडळ नेमू शकते. सदस्यांची मुदत तीन वर्षांची असते, त्यांना वेतन नसते, फक्त कामासाठी झालेला खर्च मिळतो, आणि सर्वांची मुदत एकदम संपू नये अशी व्यवस्था केलेली असते, म्हणजे जुने सदस्य नव्यांना काम शिकवू शकतात. निर्णयाचा अधिकार मंडळाला नाही. परंतु गावातील सर्व मोकळ्या जागा, मग त्या सरकारी असोत वा खासगी, पूर येणारे भाग आणि पाणथळ जमिनी यांची सूची ठेवण्याचे काम कायद्याने त्यांच्याकडे दिलेले आहे. मला ही तरतूद फार शहाणपणाची वाटते, कारण सल्ला देणाऱ्याच्या हाती आधी नोंद असली पाहिजे, नाहीतर त्याचे म्हणणे हे केवळ एक मत ठरते आणि मते तर बैठकीत सगळ्यांकडेच असतात.

अशी सूची आपल्याकडे किती आवश्यक आहे, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पटेल नगरमधील बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवर (पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर) घातलेला स्लॅब कोसळला आणि ३६ जणांचा मृत्यू झाला. हवनासाठी बसलेल्या अनेकांना आपल्या पायाखाली बावडी आहे याची कल्पनाही नसेल. शहरात अशा किती विहिरी आणि बावड्या फरशीखाली, दुकानांखाली किंवा वाहनतळाखाली झाकल्या गेल्या आहेत, हे प्रत्येक वॉर्डातील जुन्या रहिवाशांना विचारत, पायी फिरून नोंदवावे लागेल. पंच्याऐंशी वॉर्डांचे हे काम निगमाचे कर्मचारी आपली रोजची कामे सांभाळून करू शकतील, असे मला वाटत नाही. स्वयंसेवकांच्या मंडळाला मात्र ते एक-दोन वर्षांत निश्चित पुरे करता येईल, आणि झाकलेल्या बावड्यांपैकी ज्या पुन्हा उघडता येतील त्या भूजल भरण्याच्या उपयोगीही पडतील.

आधी पाहणी आणि मग आराखडा ही पद्धत या शहराला नवी नाही. होळकर दरबाराच्या निमंत्रणावरून पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले तेव्हा त्यांनी गल्लीबोळ पायी पालथे घातले, नद्यांचे काठ आणि तलाव राखण्याचा आग्रह धरला आणि १९१८ मध्ये दरबाराला सविस्तर अहवाल दिला. प्लेगच्या त्या दिवसांत त्यांनी दिवाळीच्या मिरवणुकीची घोषणा केली आणि ज्या रस्त्यांवरील घरे सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनीच ती जाईल असे जाहीर केले. लोकांनी आपली घरे आणि अंगणे आपण होऊन साफ केली.

आता माझ्या अनुभवाकडे वळते. ज्या समितीवर मी होते, तिच्यासमोर एका रस्त्याच्या रुंदीकरणाचा विषय आला. सोबत जोडलेल्या झाडांच्या यादीत बहुतेक ठिकाणी ‘जात’ या रकान्यात ‘इतर’ असे लिहिलेले होते आणि घेर अंदाजाने टाकलेला होता. आम्ही काही सदस्य मोजपट्टी घेऊन त्या रस्त्यावर गेलो. ‘इतर’ म्हणजे कडुलिंब, करंज, शिरीष, अर्जुन आणि एक जुना कदंब होता. एका कडुलिंबाच्या बुंध्याला पेव्हर ब्लॉक इतके घट्ट भिडवले होते, की सिमेंटच्या कडेवर साल फुगून आली होती आणि तिच्यातून काळा चिकट स्राव ओघळत होता. मुळांना पाणी जाण्यासाठी बोटभरही माती उघडी नव्हती. अर्जुनाच्या ढोलीत पोपटांची ये-जा चालू होती. आम्ही प्रत्येक झाडाची जात, छातीच्या उंचीवरचा घेर आणि अवस्था लिहिली, कोणती झाडे गटाराची रेषा थोडी सरकवल्यास वाचतील ते नकाशावर दाखवले आणि बुंध्याभोवती किमान एक मीटर माती मोकळी ठेवावी असे सुचवले. पुढील बैठकीच्या इतिवृत्तात या सर्वांविषयी एकच वाक्य होते: ‘सदस्यांशी चर्चा झाली.’ तोपर्यंत त्यातील काही झाडे तोडलीही गेली होती. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आमचे एक सहकारी, ज्यांनी तो नकाशा दोन रात्री बसून काढला होता, त्यानंतर बैठकीला आले नाहीत.

आमच्या सर्व सूचना मान्य व्हायला हव्या होत्या, असा माझा आग्रह मुळीच नाही. गटाराची रेषा सरकवता आली नसेल, तिथे कदाचित गॅसची वाहिनी असेल, कदाचित निविदा आधीच निघाली असेल. तसे लिहून आले असते तर आम्हालाही काही शिकता आले असते आणि पुढच्या रस्त्यासाठी आम्ही निविदेच्या आधी सूचना दिल्या असत्या. ‘अमुक कारणाने अमान्य’ असे लिहायचे असेल तर अधिकाऱ्याला तो कागद आधी वाचावा लागतो. म्हणूनच मी म्हणते, की मंडळाच्या सूचनेवर तीस दिवसांत कारणांसह उत्तर देण्याची अट स्थापनेच्या ठरावातच असावी. विषयपत्रिका बैठकीच्या आदल्या संध्याकाळी हाती पडू नये, ती नकाशांसह किमान दहा दिवस आधी मिळावी, आणि इतिवृत्त निगमाच्या संकेतस्थळावर हिंदीत प्रसिद्ध व्हावे. बांधकाम व्यवसायाशी किंवा निगमाच्या ठेक्यांशी संबंध असलेल्यांना सदस्यत्व देऊ नये. महिलांची संख्या निम्मी असावी, कारण वस्तीतला नळ, नाला आणि कचरा यांच्याशी रोजचा संबंध त्यांचाच असतो. राजकीय कार्यकर्त्यांची सोय लावण्याची आणखी एक जागा म्हणून हे मंडळ वापरले जाणार असेल, तर ते न नेमलेलेच बरे.

स्वयंसेवक चिकाटीने काय करू शकतात याचे उदाहरण शहरातच आहे. सिरपूर तलाव आज आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. २०२२ मध्ये यशवंत सागरासह त्याला हे स्थान मिळाले. त्यामागे चित्रकार आणि शिल्पकार भालू मोंढे आणि त्यांच्या ‘द नेचर व्हॉलंटिअर्स’ या संस्थेतील सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून केलेले काम आहे. शिकार थांबवणे, अतिक्रमणाविरुद्ध अर्ज करणे, पक्ष्यांच्या नोंदी ठेवणे हे सर्व त्यांनी कोणी नेमले नसताना केले. मोंढे यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली याचा आपल्या मराठी समाजाला सार्थ अभिमान आहे. पण जे काम त्यांना व्यवस्थेच्या बाहेर राहून, दारोदार जाऊन करावे लागले, त्याला शहराच्या कारभारात हक्काची जागा असती तर ते किती लवकर झाले असते, याचा विचार व्हावा. प्रत्येक तलावाला इतका धीर असलेले मोंढे मिळणार नाहीत.

हा विषय लांबणीवर टाकण्यासारखा नाही. कान्ह नदी उज्जैनजवळ शिप्रेला मिळते आणि २०२८ च्या सिंहस्थाच्या निमित्ताने नदीकाठची मोठी कामे हाती घेतली जात आहेत. काठ काँक्रीटने बांधून काढायचा की झाडीसह राखायचा, कोणत्या नाल्यावर स्लॅब टाकायचा नाही, हे प्रश्न काम सुरू होण्याआधी जाणकारांपुढे यायला हवेत. महापौर आणि आयुक्त यांनी निगम परिषदेत ठराव आणून हे मंडळ येत्या वर्षभरात स्थापन करावे, अशी माझी विनंती आहे.

आपल्या मराठी वाचकांनाही एक विनंती आहे. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग, नारायण बाग या भागांत सार्वजनिक बांधकाम, पाणीपुरवठा, कृषी महाविद्यालय, होळकर महाविद्यालय अशा ठिकाणी आयुष्यभर काम केलेली कितीतरी माणसे निवृत्तीनंतर घरी आहेत. त्यांच्या स्मरणात जुन्या वाहिन्या, नाले आणि विहिरी आहेत. मंडळ स्थापन होईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. आपल्या वॉर्डातील विहिरी आणि बावड्या, उघड्या असोत वा झाकलेल्या, त्यांची जागा, आसपासची खूण आणि आज तिच्यावर काय उभे आहे हे लिहून त्याची प्रत झोन कार्यालयात द्यावी आणि पोच घ्यावी. माझ्या भागातील अशी यादी मी करायला घेतली आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्राध्यापिका
लोकमान्य नगर, इंदूर